विंटेज माळवद

अमेरिकेतले जॉन मार्गोलिस रस्त्याकडेच्या चक्रम इमारतींचे फोटो काढत देशभर हिंडले. त्यांच्या ११,७१० रंगीत स्लाइड आज तिथल्या संसद-ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत; बदकाच्या आकाराचं दुकानसुद्धा त्यांनी टिपलं. तीच हौस घेऊन आम्ही गेवराई तालुक्यातल्या उमापुरात उतरलो.

माळवदाचं घर दिसलं. लाकडी तुळया, वर पांढरी माती, अन् निम्मं दार झाकणारा कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. फ्लेक्स वगळून नेम धरला. (वारसा नेहमी कापूनच दाखवायचा असतो.)

आतून आजी आल्या. "घरकुलाचे सायेब का? थांबा, पदर घेते. मागल्या बारीला फोटू नेला, पुढं कायबी झालं नाही."

"नाही आजी, घर सुंदर आहे म्हणून काढतोय. पाडू नका हं."

"मंग पावसाळ्यात ऱ्हायला या. येताना ताडपत्री आणा."

फोटो मात्र झकास आला. आजींना दाखवला. डोळे बारीक करून त्यांनी तो बराच वेळ निरखला.

"ह्याच्यात गळतंय ते दिसतं का?"