भावी बँकर, पुणे ३०

सदाशिव पेठेत पूर्वी वाड्यागणिक एक बँकवाला असायचा. महाबँकेत, स्टेट बँकेत, गेला बाजार जनता सहकारीत. सकाळी डबा घेऊन निघायचा आणि संध्याकाळी मंडईतून भाजी घेऊन परत यायचा. वाडे पडून इमारती झाल्या आणि आता इमारतीगणिक एक भावी बँकर झालाय. हा मात्र सकाळी कुठेच निघत नाही. हा अर्ज करतो.

वय बावीस-तेवीस. शिक्षण बीएमसीसीतून बी. कॉम., नाहीतर गोखले इन्स्टिट्यूटमधून अर्थशास्त्र, नाहीतर सिंबायोसिसमधलं असं काहीतरी, ज्याची फी आई आवाज खाली आणून सांगते. अंगात बिनबाह्यांचं जाडसर जॅकेट. न्यूयॉर्कचे बँकर घालतात म्हणून हाही घालतो, मग बाहेर एप्रिल का असेना. लिंक्डइनवर नावाखाली 'सीएफए लेव्हल वन कँडिडेट' असं लिहिलेलं. याचा अर्थ परीक्षेची फी भरून झाली आहे. परीक्षेला तीन पायऱ्या आहेत आणि हा पहिल्या पायरीसमोर चपला काढतोय.

त्याचे आजोबा २००१ साली महाबँकेतून व्हीआरएस घेऊन बाहेर पडले. नातू बँकेत लागणार म्हटल्यावर त्यांना आनंद झाला होता. तो फार टिकला नाही.

"काउंटर कुठला मिळेल तुला?"

"आजोबा, तिथे काउंटर नसतो. खाती नसतात. एफडी नसते."

"मग करतात काय दिवसभर?"

"एखाद्या कंपनीला दुसरी कंपनी घ्यायची असेल तर सल्ला देतात. शेअर बाजारात उतरायचं असेल तर भाव ठरवून देतात, भांडवल उभं करून देतात."

"पगारी सल्ला की सौद्यावर टक्केवारी?"

"मुख्यतः टक्केवारी."

"म्हणजे दलाली."

"ॲडव्हायझरी, आजोबा."

आजोबा पुन्हा पेपरात गेले. त्यांच्या मते बँकेच्या नोकरीत तीन गोष्टी लागतात: पेन्शन, एलटीसी आणि स्टाफ रेटने गृहकर्ज. यांतली एकही न देणाऱ्या संस्थेला बँक म्हणू द्यायला रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलीच कशी, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

सीव्ही एका पानाचा हवा आणि त्यातल्या प्रत्येक ओळीत एक क्रियापद व एक आकडा हवा, असा त्या जगाचा दंडक. बावीस वर्षांच्या आयुष्यात आकडे येणार किती? पण आमचा उमेदवार कसबी. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला तो भरत नाट्य मंदिराच्या विंगेत उभा राहून ठरल्या वाक्याला एक खुर्ची रंगमंचावर सरकवत असे. सीव्हीवर ती खुर्ची 'वीस जणांच्या संघात, काटेकोर वेळमर्यादेत, साधनसामग्रीचे नियोजन' होऊन बसली. आजीला यूपीआय शिकवलं, ते '७८ वर्षांच्या ग्राहकाचे यशस्वी डिजिटल स्थित्यंतर' झालं. (आजीने पहिल्याच दिवशी दूधवाल्याला दोनदा पैसे पाठवले, हा तपशील पानात बसला नाही.) गणपतीत मोठ्या मुलांबरोबर पावतीपुस्तक धरून तो दारोदार हिंडला होता. तिथे लिहिलंय, 'स्थानिक भागधारकांकडून भांडवल उभारणी'. ही एक ओळ मात्र मी स्वतः प्रमाणित करायला तयार आहे. सदाशिव पेठेतल्या बंद दारामागून वर्गणी काढणं हे वॉल स्ट्रीटवर कर्जरोखे विकण्यापेक्षा अवघड काम आहे.

सीव्ही झाला की अर्ज. प्रत्येक बँकेच्या साइटवर नवं खातं, नवा पासवर्ड. आधी सीव्ही चढवायचा, मग सीव्हीत लिहिलेलं सगळं पुन्हा चौकटीचौकटीत भरायचं. लंडनच्या अर्जात शाळेच्या ए-लेव्हलच्या श्रेणी विचारतात. तिथे महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीचे ८९.१७ टक्के कुठल्या अक्षरात मावतात, यावर घरात आई, मामा आणि समोरच्या फ्लॅटमधल्या जोशीबाई अशी समिती बसली. या सगळ्याचा हिशेब एका एक्सेल शीटमध्ये असतो: बँक, शहर, मुदत, टप्पा, निकाल. हिरवं म्हणजे आशा, पिवळं म्हणजे टेस्ट, लाल म्हणजे नकार. सूत्रं अशी बिनचूक की एका तारखेला हात लावला तर पाच खाने रंग बदलतात. त्याने आजवर केलेलं हे सर्वांत उत्तम आर्थिक काम, आणि तेवढंच बँकांना पाहायला मिळत नाही.

लंडनच्या बँकांचे अर्ज ऐन पावसाळ्यात सुटतात. व्हिडिओ मुलाखतही त्याच दिवसांत येते. या मुलाखतीत समोर माणूस नसतो. पडद्यावर प्रश्न उमटतो, विचाराला अर्धं मिनिट मिळतं आणि मग कॅमेऱ्याकडे बघून दोनेक मिनिटं बोलायचं. त्या संध्याकाळी घरात संचारबंदी होती. कुकर उतरवला, आजोबांचा रेडिओ बंद, दाराच्या बेलची वायर काढलेली. आई स्वयंपाकघरात भांड्याला भांडं लागू न देता उभी. पडद्यावर प्रश्न आला, 'दबावाखाली काम केल्याचा एक प्रसंग सांगा.' त्याने श्वास घेतला आणि नदीपात्रातून ढोल सुरू झाले.

गणपतीआधीचे दोन महिने पुण्यात पथकांचा सराव चालतो, हे बँकेला कोण सांगणार? आधी त्याने आवाज चढवला. मग नकळत लय पकडली. 'माझ्या संघात, मतभेद होते, तरीही आम्ही, मार्ग काढला' असं चौघड्यात बसवलेलं उत्तर दोन मिनिटं अखंड चाललं आणि शेवटचं 'थँक यू' बरोबर टोलावर पडलं. ढोल कोणाचे, तर ज्या पथकातला ताशा त्याच्या सीव्हीवर 'नेतृत्वगुण' या मथळ्याखाली आहे, त्याच पथकाचे. निकाल दोन दिवसांत आला.

नकाराची पत्रं वाचायला आत्या येते. आत्याने नात्यागोत्यातली लग्नं जुळवण्यात हयात घालवलीय, त्यामुळे तिला ही भाषा तोंडपाठ आहे. 'आपल्या गुणवत्तेने आम्ही प्रभावित झालो, तथापि' एवढं ऐकून ती हात वर करते.

"पत्रिका जुळत नाही म्हणतायत. पुढचं वाचू नकोस."

"आणि या दोघांनी काहीच कळवलं नाही गं."

"ते दुसरं स्थळ बघतायत. तिकडे फिसकटलं की तुला फोन करतील. तोवर तू मागे लागू नकोस, किंमत कमी होते."

बँकांच्या प्रतीक्षायादीचं इतकं अचूक विश्लेषण मी कुठल्याही मार्गदर्शकाकडून ऐकलेलं नाही. आकड्यांकडे पाहिलं तर मुलाचा यात फारसा दोषही नाही. २०२४ च्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी एकट्या गोल्डमन सॅक्सकडे जगभरातून तीन लाखांवर अर्ज गेले. शंभरात एकसुद्धा घेतला नाही.

या बँका पुण्यात नाहीत असं कोणी समजू नये. बार्कलेज, डॉइश बँक, यूबीएस, बीएनवाय, नॉर्दर्न ट्रस्ट, सगळ्यांची इथे भलीमोठी ऑफिसं आहेत. हजारो मुलं तिथे जातात. सौदा न्यूयॉर्कला होतो आणि त्याचा हिशेब येरवडा-खराडीकडे जुळवला जातो. जोखीम मोजणं, ग्राहकाची कागदपत्रं तपासणं, सॉफ्टवेअर लिहिणं, हे सगळं तिकडेच. पण आपल्या उमेदवाराच्या लेखी ते बॅक ऑफिस. त्याला फ्रंट ऑफिस हवं, म्हणजे जिथे सौदा ठरतो ती खोली, आणि ती खोली निदान बीकेसीत असते. मार्च २०२४ पासून मेट्रो रामवाडीपर्यंत जाते, पुढे रिक्षाने खराडी. त्याला मात्र खराडी लंडनपेक्षा लांब वाटते. त्याच्या वर्गातला एक मुलगा मुकाट्याने तिकडे रुजू झाला. शिफ्टची कॅब न्यायला येते, वाघोलीला फ्लॅट बुक झालाय. रविवारी दोघं मिसळ खायला जातात तेव्हा फ्रंट ऑफिस श्रेष्ठ की बॅक ऑफिस यावर उमेदवार बोलतो आणि बिल बॅक ऑफिस देतं. निघताना उमेदवार सहज म्हणून विचारतो, "तुमच्याकडून लंडनला रेफरल टाकता येतो का रे?"

मराठी माणूस तिथे पोचलाच नाही असंही नाही, आणि हीच खरी पंचाईत. नागपुरात जन्मलेले विक्रम पंडित मॉर्गन स्टॅन्लीत वाढले आणि डिसेंबर २००७ मध्ये थेट सिटीग्रुपचे प्रमुख झाले. घरात पाहुणा आला की त्यांचं नाव निघतंच. "पंडितांचा विक्रम पोचला ना? मग?" जणू पंडित मागच्या गल्लीत राहत होते आणि संध्याकाळी दूध आणायला दिसायचे. आजोबांना मात्र त्यांच्याबद्दल एकच गोष्ट लक्षात राहिलीय. २००९ साली बँक तोट्यात असताना, ती नफ्यात येईपर्यंत वर्षाला एक डॉलर पगार घेईन, असं त्यांनी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं होतं. "तेव्हाच्या भावाने पन्नास रुपये," आजोबा म्हणाले. "वर डीए होता का?"

बँकांच्या दीर्घ परंपरेवर तीनशे शब्द लिहा, असं एका अर्जात आलं होतं. त्याने क्रेडिट स्विसच्या १८५६ पासूनच्या वारशावर सुरेख निबंध लिहून ठेवला. मार्च २०२३ मध्ये एका रविवारी ती बँक यूबीएसने घेऊन टाकली. लेहमन तर २००८ मध्ये १५८ वर्षांची असताना बुडाली. आजोबांनी ही संधी सोडली नाही. "आमची १९३५ ची, अजून आहे. कॉसमॉस १९०६ ची, अजून आहे." रुपी बँकेचं काय, असं मी विचारल्यावर त्यांना अचानक औषधाची वेळ आठवली.

तरीही या आजोबांनीच त्याची तयारी करून घेतली, हे नोंदवलं पाहिजे. मुलाखतीत हमखास येणारा प्रश्न असा: घसारा दहाने वाढला तर तिन्ही पत्रकांवर काय परिणाम? नातू झोपेतही म्हणतो, "कर चाळीस टक्के धरला तर नफा सहाने कमी, स्थिर मालमत्ता दहाने कमी, रोकड चारने जास्त." आजोबा उठून बसले.

"खर्च वाढला आणि गल्ल्यात पैसे वाढले?"

"घसारा कागदावरचा खर्च. पैसे बाहेर जात नाहीत, पण कर वाचतो. चार रुपये."

आजोबांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं, बरोबर आलं. मग म्हणाले, "चाळीस टक्के कुठला? आपल्याकडे कंपन्यांना आता पंचवीसच्या आसपास आहे. अडीच म्हण." नातवाने तसा बदल केला. मुलाखतीत कोणी अजून विचारलेलं नाही.

मूल्यमापनाचा सराव म्हणून त्याने कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचा डीसीएफ काढला. दिवसाला किती कप, दूध, साखर, गॅस, पोऱ्याचा पगार, पाच वर्षांचा अंदाज, आणि त्यापुढे दुकान अनंत काळ चालेल असं धरून येणारी टर्मिनल व्हॅल्यू. अशा गणितात बहुतेक किंमत या शेवटच्या आकड्यातच दडलेली असते. उत्तर आलं एक कोटी चौदा लाख. त्याने मोठ्या अपेक्षेने ते मालकांना दाखवलं.

मालकांनी चहा गाळता गाळता ऐकून घेतलं. "पाच वर्षांनंतरचे किती धरलेस यातले?"

"जवळजवळ ऐंशी टक्के."

"पुढच्या दिवाळीत इमारत रीडेव्हलपमेंटला जातीय. आणि तुझे मागचे एकशे चाळीस धरलेस का?"

आणि नोकरी लागलीच तर पुढे काय, हेही घरात ठाऊक आहे. २०२१ मध्ये गोल्डमनच्या तेरा नवख्या ॲनालिस्टांनी आपल्या हालांचं एक सादरीकरण बनवलं होतं आणि ते बाहेर फुटलं होतं. आठवड्याला सरासरी ९५ तास काम, रात्री पाच तास झोप. आईने ते कुठेतरी वाचलं आणि त्या दिवसापासून ती देवापुढे नेमकं काय मागते हे तिने सांगणं बंद केलंय. आजोबांनी भागाकार केला. दिवसाला साडेतेरा तास, रविवार धरून. "दुपारी पडतात कधी?" एवढंच त्यांनी विचारलं.

यंदाच्या पावसाळ्यात मात्र घरात उलाढाल सुरू झालीय. इतके अर्ज करून झाल्यावर अर्ज करण्यात त्याच्याइतका तयार माणूस पुणे ३० मध्ये दुसरा उरला नाही, आणि पुण्यात एखादी गोष्ट येणाऱ्याने तिचा क्लास काढला नाही तर लोक संशय घेतात. बाहेरच्या खोलीत पांढरा फळा लागला. सीव्ही, व्हिडिओ मुलाखत, घसारा. आठवड्यातून दोन दिवस, फी आगाऊ. पहिल्या तुकडीत तीन मुलं आली. पैकी एक जोशीबाईंचा.

तुकडी संपल्यावर आजोबांनी चौकशी केली. "लागलं का रे तुझ्या क्लासातलं कोणी?"

"नाही अजून. तिघंही पुन्हा अर्ज करतायत. पुढच्या तुकडीलाही नावं दिलीत."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "मग क्लास चालेल," ते म्हणाले. "कर्ज हवं असेल तर सांग, महाबँकेत अजून ओळख आहे."