चालेल, पण जरा थांबा

मदरबोर्ड घेताना गिऱ्हाईक दोनच प्रश्न विचारतं. केवढ्याला, आणि पुढचा प्रोसेसर यावर चालेल का? पहिल्याचं उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्याचं कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा गावात ठरतं. प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेल आणि एएमडी, दोघांचीही मुख्यालयं तिथंच आहेत. गावाचं पाणीच तसं असावं.

इंटेलनं २०१५ मध्ये ११५१ पिनांचं सॉकेट आणलं. २०१७ च्या ऑक्टोबरात आठव्या पिढीचे प्रोसेसर आले. पिना तेवढ्याच, बसतातही फिट्ट. फक्त जुन्या बोर्डावर सुरू होत नाहीत. सहा कोरांना वीज जास्त लागते, जुन्या बोर्डाला ती झेपायची नाही, तेव्हा नवा घ्या, असं कंपनीनं निव्वळ काळजीपोटी सांगितलं. सख्खे नातेवाईकही इतकी काळजी करत नाहीत. पण काही उचापतखोरांनी बोर्डाला जागं करणाऱ्या बायोस या प्रोग्रॅममध्ये थोडी कलाकुसर केली, प्रोसेसरच्या पोटावरच्या काही टिकल्या चिकटपट्टीनं झाकल्या आणि तो जराजर्जर बोर्ड निमूट चालू झाला. नखाएवढ्या चिकटपट्टीला वीजपुरवठ्याचं शास्त्र ठाऊक नव्हतं, हे तिचं भाग्य.

एएमडीचं तसं नाही. त्यांनी शब्द दिला होता, एएम४ सॉकेट २०२० पर्यंत सांभाळू. लोकांनी विश्वासानं बी४५० बोर्ड घेतले. मग मे २०२० मध्ये कंपनीच्या लक्षात आलं की जुन्या बोर्डांवरच्या बायोसच्या चिपा बहुतेक १६ एमबीच्या. सगळ्या प्रोसेसरांची नावनिशी तिथं मावत नाही, तेव्हा पुढचे प्रोसेसर या बोर्डांवर चालणार नाहीत. १६ एमबी! आमच्या मोबाईलवर सुप्रभातची फुलं रोज याहून जास्त जागा अडवतात. लोक खवळले आणि चमत्कार म्हणजे त्याच महिन्यात जागा झाली. जुन्यांची नावं कापून, अर्थात. अपडेट टाकलंत की कित्येक जुने प्रोसेसर चालणार नाहीत आणि परतीचे दोर कापलेले, अशी तंबीही सोबत आली. मतदारयाद्या हाताळणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटू नये. पुढे २०२२ मध्ये २०१७ सालच्या एक्स३७० बोर्डांनाही नव्या प्रोसेसरांचं दार उघडलं. मधल्या काळात ज्यांनी घाईघाईनं नवे बोर्ड घेतले, त्यांनी अर्थव्यवस्थेला हातभार लावला असं समजायचं.

यातली खरी गंमत वेगळीच. नवा प्रोसेसर ओळखायचा तर बायोस अपडेट करा. त्यासाठी संगणक चालू हवा. आणि चालू व्हायला बोर्डाच्या ओळखीचा प्रोसेसर हवा! २०१८ मध्ये एएमडीनं यावर अडलेल्यांना चक्क एक प्रोसेसर उसना द्यायला सुरुवात केली. अपडेट करा आणि परत पाठवा. आता बऱ्याच बोर्डांवर पेनड्राइव्ह लावून दाबायचं बटण असतं, ते बटण असलेला बोर्ड थोडा महाग असतो इतकंच.

सध्या एएम५ चा जमाना आहे. २०२२ मध्ये शब्द २०२५ पर्यंतचा होता, मग तो २०२७ पर्यंत वाढला. इंटेलनं २०२४ मध्ये पुन्हा नवं सॉकेट काढलं. वीजपुरवठ्याची काळजी काही संपत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर परवा एका पोरानं दुकानदाराला विचारलं, ‘‘शेठ, पुढचा प्रोसेसर यावर चालेल ना?’’

‘‘शंभर टक्के. बायोस अपडेटचे वेगळे पडतील.’’

‘‘पण तो अजून आलाच कुठंय?’’

‘‘म्हणून तर आत्ता कमी लावतोय.’’