कारणाचा रकाना

प्रौढांना शिकवण्यातला सर्वांत मोठा तोटा हा, की त्यांना बाकावर उभं करता येत नाही. शाळेत हयात घालवलेल्या बाईचं निम्मं शस्त्रागार तिथेच जमा होतं. पालकांना बोलावून घ्यावं, तर वर्गातले बहुतेक स्वतःच पालक. एकदोघे तर आजोबा. आणि छडीचा विचार मनातसुद्धा आणू नये, कारण समोरचा माणूस नुकताच पाळीभर लोखंड उचलून आलेला असतो.

निवृत्तीनंतर भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर कामगारांना इंग्रजी शिकवायचं काम मी पत्करलं. वर्ग कँटीनमध्ये भरे. कोर्सचं नाव एचआरच्या तरुण साहेबांनी ठेवलं होतं: 'वर्कप्लेस कम्युनिकेशन एक्सलन्स प्रोग्राम'. कामगार त्याला 'मॅडमचा तास' म्हणत. कम्युनिकेशनमधली एक्सलन्स त्यांच्याकडे आधीपासूनच होती, असं म्हणायला हरकत नाही.

वर्गात दोन पिढ्या होत्या. पन्नाशीकडे झुकलेले पाचवीपासून इंग्रजी शिकलेले, तर पंचविशीतले पहिलीपासून. 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, तेव्हा आम्हा शिक्षकांत कडाक्याची भांडणं झाली होती. काहींचं बोलणं बंद झालं ते निवृत्तीपर्यंत. आज मी दोन्ही पक्षांना अधिकारवाणीने सांगू शकते, की 'हाऊ आर यू' या प्रश्नाला पाचवीवाले आणि पहिलीवाले दोघेही 'येस मॅडम' असंच उत्तर देतात.

पहिल्या दिवशी मी रिवाजाप्रमाणे 'माय नेम इज' घेतलं. टूलरूममधल्या काकांनी विचारलं, "हे कुणाला सांगायचं, मॅडम? आत सगळे ओळखतात, अन् गेटवर बॅज बघतात." पुढचा धडा 'माय हॉबी'. त्याबद्दल न बोललेलं बरं. दुपारी साडेतीनला कारखान्यातून सुटलेल्या माणसाची हॉबी झोप असते.

पण याच माणसांना शॉपफ्लोअरवर ऐकावं. टॉलरन्स, रनआउट, बॅकलॅश, टूल ऑफसेट! व्हर्निअरचा लीस्ट काउंट 0.02 मिलिमीटर, हे एका पोराने मला असं सांगितलं, जसं आपण आजचा वार सांगतो. गो गेज आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये. दोन्ही गेले तर जॉब लाल पेटीत. त्यांना या शब्दांची स्पेलिंगं येत नव्हती, मला अर्थ येत नव्हते. सामना बरोबरीत सुटला.

लाल पेटीवरून ऑडिट आठवलं. गिऱ्हाईक कंपनीचा परदेशी ऑडिटर येणार म्हणून मी वर्गाकडून पूर्ण वाक्यं घोटून घेतली: 'इफ द पार्ट इज नॉट ओके, आय पुट इट इन द रेड बिन.' ऑडिटरने सीएनसीवरच्या एका पोराला नेमका तोच प्रश्न विचारला. पोराने नुसतं पेटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "सर, रेड बिन." ऑडिटर प्रसन्न. तासाला मी विचारलं, "अरे, वाक्य कुठे गेलं?" तर म्हणे, "मॅडम, तुमचं वाक्य संपेस्तोवर पुढचा जॉब निघतो." सायकल टाइमपुढे व्याकरणाचं काय चालणार!

बोलण्याचं हे असं. लिहिण्याची गोष्ट वेगळी निघाली. कागद पुढे ठेवला की वर्गातले सगळे एकदम निरक्षर होत. पेन मिळत नसे, चष्मा घरी राहिलेला असे, बोटाला कालच लागलेलं असे. मला वाटलं, इंग्रजीची भीती. म्हणून म्हटलं, मराठीत लिहा. तरी तेच.

उलगडा झाला तो रजेच्या अर्जावर. 'रीझन फॉर लीव्ह' या रकान्यात सगळ्यांनी न बघता, न कॉपी करता एकच उत्तर लिहिलं: 'पर्सनल वर्क'. मी म्हटलं, खरं कारण लिहा, म्हणजे भाषेला व्यायाम होईल. वर्गात हसू पसरलं. मग फोर्कलिफ्टवाल्या अण्णांनी मला समजावून सांगितलं. सोयाबीन काढायला जायचंय असं लिहिलं तर साहेब म्हणतो, नोकरी करा नाहीतर शेती करा. वारीला जायचंय असं लिहिलं तर म्हणतो, वारी दरवर्षीच असते. आईला बरं नाही लिहिलं तर पुढच्या वेळी पुन्हा आई आजारी पाडता येत नाही. "म्हणून पर्सनल वर्क. त्यात सगळं मावतं, मॅडम. कारणाच्या रकान्यात कारण लिहायचं नसतं." मी पदव्युत्तर शिक्षण इंग्रजीत घेतलं, अर्जलेखन पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं, पण अर्ज हा प्रकार मला कळला तो त्या दिवशी.

म्हणजे ही माणसं कागद वाचू शकत नव्हती, असं नव्हे. ती कागद जरा जास्तच चांगला वाचत होती. तोंडाने सांगितलेलं संध्याकाळी विरून जातं. लिहिलेलं फायलीत बसून वाट पाहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कारखान्यातल्या पाट्यांनीही त्यांचं शिक्षण केलेलं होतं. 1948 च्या कारखाने अधिनियमात 108 वं कलम होतं: त्या कायद्याखाली लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत असाव्यात. त्याप्रमाणे भिंतीवर वर इंग्रजी होतं, खाली मराठी. त्यातलं मराठी इतकं शासकीय, की वर्गातल्या एकाने मला इंग्रजी पाटी वाचून मराठी पाटीचा अर्थ सांगितला.

मार्च जवळ आला तसे एचआरचे साहेब वर्गात जास्त दिसू लागले. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. 1966 साली त्या तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवशी शपथ होते, पोस्टरस्पर्धा होते, टोप्या वाटल्या जातात. साहेबांना त्याआधी 'निअर मिस' फॉर्म भरून हवे होते. अपघात व्हायचा, पण थोडक्यात चुकला, त्याची ही नोंद. साहेबांनी पडद्यावर त्रिकोण दाखवला. हर्बर्ट हाइनरिक नावाच्या विमा कंपनीतल्या अमेरिकन माणसाने 1931 साली तो मांडला: एका गंभीर अपघातामागे 29 किरकोळ, आणि 300 असे की ज्यांत कुणाला काहीच लागत नाही. तेव्हा हे 300 लिहून काढा, असं साहेबांचं म्हणणं.

पुढची स्लाइड त्यांनी दाखवायला नको होती. त्याच हाइनरिकने 75,000 अपघात तपासून ठरवलं होतं, की त्यातले 88 टक्के माणसांच्या असुरक्षित वागण्यामुळे झाले. ही माहिती त्याने घेतली विमा दाव्यांतून आणि कारखानदारांच्या नोंदींतून. टूलरूमच्या काकांनी हात वर केला. "सर, त्या 75,000 मधले ऑपरेटरनं भरलेले किती होते?" साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वर्ग माझ्या हवाली करून मीटिंगला गेले. काकांना मी मनातल्या मनात दहापैकी दहा दिले. हाइनरिकच्या आकड्यांवर पुढे अभ्यासकांनी जे आक्षेप घेतले, त्यातला एक मोठा आक्षेप हाच आहे. काकांनी तो चहा संपायच्या आत घेतला.

मग आम्ही मावशींचा फॉर्म भरायला घेतला. मावशी हाउसकीपिंगच्या. मला सगळे मॅडम म्हणत, त्या एकट्या बाई म्हणत, त्यामुळे त्यांच्यावर माझा जरा जीव होता. मशीनजवळच्या तेलावरून त्यांचा पाय घसरला होता. पडल्या नाहीत, पण कंबर आठवण देत होती. फॉर्मवर 'व्हाय-व्हाय' होतं. टोयोटातली ही पद्धत. पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं. ताइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण मी फळ्यावर लिहिलं: मशीन थांबलं, कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला, कारण बेअरिंगला वंगण पुरत नव्हतं, तिथून पंप, पंपाचा झिजलेला शाफ्ट, आणि शेवटी बसवलीच नसलेली गाळणी. फ्यूज बदलून मोकळे झाले असते तर मशीन पुन्हा बंद पडलं असतं.

वर्ग पेटला. इंग्रजीच्या तासाला असा उत्साह मी कुठल्याही शाळेत पाहिला नाही. व्हाय मावशी स्लिप? ऑइल ऑन फ्लोअर. व्हाय ऑइल? मशीन लीक. व्हाय लीक? सील गॉन. व्हाय नो न्यू सील? स्टोअर से नो स्टॉक. आणि पाचव्या 'व्हाय'ला सगळी पंगत एका सुरात म्हणाली, "परचेस से नेक्स्ट मंथ!" क्रियापदांचे प्रत्यय सर्वत्र गळालेले होते. एकही दुरुस्त करावासा वाटला नाही.

साहेबांनी कागद पाहिला. पाचव्या ओळीवर पेन टेकवून म्हणाले, "मॅडम, इथे आपण शक्यतो 'ऑपरेटर अवेअरनेस' लिहितो."

"मावशी ऑपरेटर नाहीत," मी म्हटलं.

"मग 'हाउसकीपिंग अवेअरनेस'."

मावशी शेजारीच उभ्या होत्या. सही अजून व्हायची होती. त्यांनी कागद ओढून घेतला आणि उरलेल्या जागेत, एकेक अक्षर कोरत, स्वतःच्या मनाने पहिल्यांदाच इंग्रजी लिहिलं: 'आय टोल्ड. अगेन ऑइल. अगेन आय टोल्ड.' मग ओच्यातून घडी घातलेलं सफाईचं चेकलिस्ट काढलं. त्याच्या पाठीमागे मराठी आकड्यांत तारखांची रांग होती.

"बाई," त्यांनी विचारलं, "टोल्डच्या पुढं तारीख टाकू का?"

"टाका."

त्यांनी सगळ्या टाकल्या. सील त्याच आठवड्यात आलं. सुरक्षा दिनाचं बक्षीस पोस्टरवाल्याला मिळालं. पोस्टरवर हेल्मेट घातलेला हसरा सूर्य होता. कार्यक्रम झाल्यावर साहेब मला गेटपर्यंत सोडायला आले. कोर्स फारच छान झाला, म्हणाले; मॅनेजमेंटही खूश आहे, पुढची बॅच लगेच सुरू करू.

"फक्त एक करू या, मॅडम. या वेळी नुसतं स्पोकन घ्या."