दारू सोडून सगळ्यांवर संशय

श्रावणाचा पहिला दिवस उजाडला की महाराष्ट्रात घरोघरी चौकशी समिती बसते. आदल्या रात्री गटारी साजरी झालेली असते. समितीचे सदस्य डोक्याला ओला पंचा गुंडाळून, एक डोळा मिटून, 'मिक्सर नंतर लाव गं' असं पुटपुटत सोफ्यावर पडलेले असतात. विषयपत्रिकेवर एकच विषय : डोकं का ठणकतंय?

संशयितांची यादी मोठी असते. सुरमई शिळी होती. बर्फ कुठल्या पाण्याचा होता, देव जाणे. सोडा लोकल होता. उघड्या अंगाने पंख्याखाली झोपलो, तेच बाधलं. नाक्यावरच्या कुणाची तरी दृष्ट लागली. सोसायटीच्या खजिनदारांनी तर यंदा मसाला शेंगदाण्यांवर ठपका ठेवलाय. रिकामा खंबा मात्र टीपॉयखाली निवांत आडवा असतो. त्याला साधी कारणे दाखवा नोटीसही जात नाही.

या प्रकरणात प्रत्यक्षदर्शी साक्षीदार एकच. दिव्यांची अवस म्हणून काल तिने समया-निरांजनं चिंचेने घासली, पाटावर मांडून पूजली, कणकेचे गोड दिवे उकडले आणि मध्यरात्री बाथरूममधून हात धरून नवऱ्याला बाहेरही आणलं. तिची साक्ष मात्र कुणी नोंदवत नाही, कारण ती पहिल्याच वाक्यात निकाल देऊन मोकळी होते.

तिच्या बाजूने वैद्यकशास्त्रही उभं आहे. पोटात गेलेल्या दारूचं यकृत आधी ॲसिटाल्डिहाइड बनवतं. हा दारूहून जहाल पदार्थ. मग त्याचं निरुपद्रवी ॲसिटेट होतं. काम चोख, पण गती सरकारी : तासाला साधारण 30 मिलीचा एक स्मॉल पेग. क्वार्टरमध्ये असे सहा पेग असतात. यकृताला ओव्हरटाइम ठाऊक नाही आणि कुणाच्या ओळखीने फाइल पुढे सरकत नाही.

शिवाय 'पाणी धरून ठेव' असा मेंदूकडून मूत्रपिंडाला जाणारा निरोप दारू अडवते. म्हणून रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या आणि पहाटे घशाला कोरड. जठराचं अस्तर चिडतं, ते वेगळंच. झोप पटकन लागते, पण उत्तररात्री तुटत राहते. रम, व्हिस्की, ब्रँडी अशा गडद दारूत मुरताना तयार झालेली इतर रसायनंही जास्त असतात, तीही सकाळी हजेरी लावतात. आणि डोकं सर्वांत जास्त धरतं ते रक्तातली दारू संपत आल्यावर. म्हणजे पाहुणा गेल्यावरच त्याच्या पराक्रमांची मोजदाद सुरू होते.

प्रतिबंधक उपायांत आपण आत्मनिर्भर आहोत. 'आधी चमचाभर तूप खा, आतून थर बसतो.' थर वगैरे काही बसत नाही. पोटभर जेवून बसलं तर दारू रक्तात सावकाश उतरते, एवढं खरं. पण जेवण आधी झालं तर चखण्याला न्याय कसा मिळणार? दुसरा सिद्धांत मिक्सिंगचा : 'बिअरवर व्हिस्की चालते, व्हिस्कीवर बिअर नाही.' जर्मनीतल्या संशोधकांनी 90 स्वयंसेवकांना बिअर आणि वाइन उलटसुलट क्रमाने पाजून पाहिली. 2019 साली निष्कर्ष छापून आला : क्रमाने हँगओव्हरमध्ये फरक पडत नाही. आपल्याकडे याहून मोठा प्रयोग दर गटारीला होतो. स्वयंसेवकही भरपूर असतात, फक्त नोंदी ठेवण्याच्या अवस्थेत कुणी उरत नाही.

उपचारांचं काय विचारता! लिंबूपाणी, ताक, सोलकढी, पायाचं सूप, इनो, कडक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ. यातल्या पातळ पदार्थांनी पाणी भरून निघतं, तेवढाच त्यांचा गुण. कॉफीने डोळे उघडतात, यकृत हलत नाही. विलायतेतही याहून वेगळं चित्र नाही. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 2005 साली तज्ज्ञांनी निवडुंगाच्या अर्कापासून यीस्टपर्यंतच्या चाचण्यांचा आढावा घेतला आणि सांगितलं की, यातल्या कशाचाही ठोस पुरावा नाही.

मग निघतं ब्रह्मास्त्र : उतारा. सकाळी पुन्हा एक पेग. ग्रुपमधले हौशी वैद्य लगेच चरकाचा दाखला देतात. चरकसंहितेत मदात्ययावर, म्हणजे अति मद्यपानाने होणाऱ्या विकारावर, अख्खा अध्याय आहे आणि त्यात उपचार म्हणून मद्यही सांगितलंय, हे खरं. पण त्यातली पथ्यं, मात्रा आणि वैद्याची देखरेख हा भाग ग्रुपवर कधी फॉरवर्ड होत नाही. उताऱ्याने तासाभर बरं वाटतं, कारण हँगओव्हर पुढे ढकलला जातो. रोज ढकलणाऱ्याचं पुढे काय होतं, ते गडकऱ्यांनी 'एकच प्याला'त दाखवून ठेवलंय. त्यातल्या तळीरामाचं नाव आपण मात्र कौतुकाने बातम्यांच्या मथळ्यांत वापरतो.

सरकारला तरी काय नावं ठेवायची? 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्यामुळे या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा, देशीसाठी दोन रुपये आणि विदेशीसाठी पाच. आजन्म हवा असेल तर हजार. आणि परवाना कशासाठी? नमुन्यातली भाषा वाचा : प्रकृती राखण्यासाठी! म्हणजे काल रात्री ज्यांनी कमोडला मिठी मारली, ते कागदोपत्री प्रकृती राखत होते. दारूबंदीचा कायदा करायचा आणि उत्पादन शुल्कावर तिजोरी भरायची, हा सरकारी उतारा गेली कित्येक दशकं सुरू आहे.

विनोद पुरे. डोकं दुखतंय म्हणून गोळ्या गिळण्याआधी थांबा. भरपूर दारूनंतर पॅरासिटामॉल यकृताला जड जातं, तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आधीच चिडलेल्या जठराला. माणूस उठवूनही उठत नसेल, श्वास मंदावला असेल, अंग गार पडत असेल, तर तो हँगओव्हर नव्हे. लिंबू पिळत बसू नका, 108 ला फोन करा. आणि रात्री नऊला बसून बारापर्यंत दोन क्वार्टर संपवणाऱ्याच्या रक्तात सकाळी नऊलाही दारू असू शकते. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर दारू असताना गाडी चालवणं गुन्हा आहे. 'आंघोळ करून निघालोय साहेब' हा बचाव कायद्यात बसत नाही.

तेव्हा समितीचा अहवाल आम्हीच लिहून देतो. कारण : दारू. प्रतिबंध : कमी दारू, आणि मुळीच नसली तर उत्तम. उपचार : पाणी, झोप आणि वेळ. बाकी सगळा चखणा.