पटवारी आले का जी?

भंडारा जिल्ह्यात रात्री अकरानंतर उघड्यावर ट्रायपॉड मांडून बसलेल्या माणसाबद्दल लोकांचे तीनच अंदाज असतात. नदीकाठ असेल तर तो रेतीवाल्यांवर पाळत ठेवायला तहसीलमधून आलेला असतो. शेत असेल तर मोजणीवाला; म्हणजे रस्ता नाहीतर कालवा आपल्याच बांध्यांतून जाणार, हे पक्कं. आणि टेकडी किंवा पडका किल्ला असेल तर गुप्तधन. हा इसम तुटत्या ताऱ्यांचे फोटो काढतो आहे, हा चौथा अंदाज आजवर कुणी आपण होऊन केलेला नाही. मी स्वतः सांगितला तरी पटत नाही. 'तारे पाहून राह्यलो' म्हटलं की समोरचा आधी वर बघतो, मग माझ्याकडे, आणि मग हळूच माझ्या गाडीच्या नंबरप्लेटवर टॉर्च मारतो.

या छंदाबद्दल जे काही छापून येतं त्यात लेन्स कोणती, आयएसओ किती, अंधार कसा शोधावा, सगळं सविस्तर असतं. जमिनीबद्दल चकार शब्द नसतो. आकाश कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, हे खरं. पण ट्रायपॉडचे तीन पाय कुणाच्या तरी सातबाऱ्यावरच टेकवावे लागतात.

वैनगंगेच्या एका घाटावर मी आकाशगंगा टिपायला बसलो होतो. मार्च संपत आलेला, पहाटेचे तीन. वृश्चिकेची नांगी दक्षिणेला वर आलेली, खाली पाणी, जिल्ह्यात याहून चांगलं दृश्य नाही. तेवढ्यात दिवे बंद केलेला एक टिप्पर खडखडत आला, मला पाहून थबकला आणि रिव्हर्समध्ये परत गेला. पाचेक मिनिटांत मोटारसायकल आली.

"पटवारी सायेब का जी?"

"नाही."

"मंग कोन?"

"मी फोटो काढतो."

रेतीघाटावर द्यायचं हे उत्तर नव्हे. गृहस्थ गाडीवरून उतरले, अतिशय अदबीनं म्हणाले, "चहा घेता का सायेब?" आणि एवढ्या रात्री खरोखरच थर्मासमधून चहा काढला. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा फोटो दाखवला. तो त्यांनी बराच वेळ न्याहाळला. आकाशगंगेत त्यांना रस नव्हता. खालच्या पट्टीत काठावरचे ढीग आलेत का, तेवढं बघायचं होतं. नाहीत म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. एक मात्र प्रामाणिकपणे नोंदवतो. राष्ट्रीय महामार्गावरचे ट्रक साकोलीपासून लाखनीपर्यंत क्षितिज पांढरं करून सोडतात, लग्नाच्या मंडपातले हॅलोजन तीन गावं उजळतात. दिवे विझवून, अंधाराचा पूर्ण मान राखून जाणारी जिल्ह्यातली एकमेव वाहतूक म्हणजे चोरटी रेती.

आता मूळ विषय. उल्कावर्षावांचं वेळापत्रक ज्या कुणी आखलं त्यानं आमच्या झाडीपट्टीला विचारलेलं नाही. ऑगस्टच्या १२-१३ तारखेला ययाती तारकासमूहाच्या दिशेनं येणारा पर्सिड्स हा जगाचा लाडका वर्षाव. युरोपात तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, लोक गवतावर उताणे पडून बघतात. आमच्याकडे नुकती रोवणी आटोपत आलेली असते, बांध्या तुडुंब असतात, आणि उताणं पडायचं तर चिखलात. वर ढग. मेच्या ५-६ तारखेला हॅलेच्या धूमकेतूनं मागे सोडलेली धूळ येते, तेव्हा पहाटेसुद्धा पाठीखालची जमीन धगधगत असते. कॅमेऱ्याचा सेन्सर तापला की फोटोत लाल-निळे ठिपके उमटतात. त्यामुळे मे महिन्यातल्या माझ्या फोटोंत विश्वात आहेत त्यापेक्षा जास्त तारे दिसतात. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू आला तोही भर पावसाळ्यात. जगभरचे फोटो लोकांनी मलाच पाठवले, खाली 'तुम्ही काढला का नाही?' असं विचारून.

राहता राहिला डिसेंबर. १३-१४ तारखेचे जेमिनिड्स मात्र आपल्यासाठीच केलेले असावेत. मिथुन राशीतले पुनर्वसूचे दोन तारे संध्याकाळनंतर पूर्वेला उगवतात आणि रात्री दोनच्या सुमारास डोक्यावर येतात. आकाश स्वच्छ, थंडी खणखणीत. बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात. हा मात्र फेथॉन नावाच्या, १९८३ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाचा. त्याची धूळ म्हणजे बहुतेक तांदळाच्या कणीएवढे तुकडे. सेकंदाला ३५ किलोमीटर वेगानं ती कणी वातावरणात घुसते आणि जमिनीपासून साधारण शंभर किलोमीटर वर जळून जाते. या वेगानं भंडाऱ्याहून नागपूर दोन सेकंदांच्या आत येईल, टोलनाका सोडून.

आता कॅमेऱ्याची बाजू. माझ्या साध्या अठरा मिलिमीटरच्या लेन्समध्ये डोक्यावरच्या आकाशाचा जेमतेम सातवा हिस्सा मावतो. म्हणजे उल्केला सहा हिस्से मोकळं रान. पंधरा-अठरा सेकंदांहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यानं ताऱ्यांच्या रेघा होतात, म्हणून तेवढाच वेळ उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं, रात्रभर. त्यात कॅमेऱ्यात एक 'नॉइज रिडक्शन' नावाची सोय असते. ती चालू राहिली तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डोळे मिटून आपल्याच सेन्सरचे डाग तपासत बसतो. उल्का पडते ती नेमकी त्या तपासणीच्या काळात. शिवाय डोळ्याला दिसलेली प्रत्येक उल्का सेन्सरवर उमटतेच असं नाही. ती एका जागी थांबतच नाही, क्षणार्धात पुढं सरकते, त्यामुळे शटर किती वेळ उघडं आहे याचं तिला सोयरसुतक नसतं. नीट उमटतात त्या रेघा विमानांच्या. नागपूरवरून देशाच्या चारी दिशांची विमानं जातात, आणि त्यांतलं प्रत्येक माझ्या त्या सातव्या हिश्श्यातून जातं.

मन खट्टू झालं की मी प्रागच्या लादिस्लाउस वाइनेकची आठवण काढतो. उल्केचा पहिला फोटो त्याचा, २७ नोव्हेंबर १८८५ चा. त्या रात्री देवयानीच्या दिशेनं तासाला हजारोंनी उल्का पडत होत्या. त्याच्या काचेवर माग उमटला एका उल्केचा.

आणि दव. भंडारा हा तलावांचा जिल्हा. जुन्या मालगुजारांच्या काळातले तलाव, बोड्या, सगळीकडे पाणी. मध्यरात्रीनंतर लेन्सवर असं दव जमतं की पुनर्वसूचे दोन तारे चार दिसू लागतात. परदेशात यासाठी विजेवर तापणारे पट्टे मिळतात. मी तव्यावर तापवलेल्या मिठाची पुरचुंडी पायमोज्यात घालून लेन्सला बांधतो. काम चोख होतं. अडचण एवढीच की अंधारात पायमोजा बांधलेलं ते यंत्र पाहिल्यावर गुप्तधनाचा संशय शंभर टक्के पक्का होतो, कारण एवढी विचित्र वस्तू कोहळा-लिंबाच्याच जातीची असणार.

शिवनीबांधच्या बाजूला, जिथं मी डिसेंबरात जातो, तिथं एक म्हातारबा जागलीला असतात. धानाचे पुंजणे रचलेले, रानडुकरांचा उपद्रव, म्हणून मचाणावर घोंगडी पांघरून बसायचं आणि मधून मधून टिनाचा डबा वाजवायचा. त्यांच्याकडे घड्याळ नाही. तिकांडं डोक्यावर आलं की एक बिडी, सप्तर्षींची बाज उगवली की दुसरी. मृगातल्या त्या तीन ताऱ्यांना मी मोबाइलच्या ॲपमधून ओळखतो. ॲप बॅटरी खातं, म्हातारबा बिडी ओढतात. माझा कॅमेरा पूर्वेकडे लावलेला असला की मचाणावरून आवाज येतो, "मास्तर, पडला जी! मांगून!" मी मास्तर नाही, पण पटवाऱ्यापेक्षा ती पदवी बरी, म्हणून दुरुस्त केलेलं नाही. कॅमेरा पश्चिमेकडे वळवला की, "आता तिकून पडला!" एकदा चिडून मी विचारलं, तुम्हाला कुठं पडणार ते कळतं का? ते म्हणाले, "कायले? तुमी एका बाजूले पायता, तो तुमाले चुकवते."

घरी वेगळाच पेच. तारा तुटला म्हणजे कुठंतरी कुणीतरी गेलं, पाहू नये आणि पाहिलाच तर बोलू नये, असं आईचं म्हणणं. पुण्याहून आलेला भाचा मात्र सिनेमे बघून तयार झालेला. तारा पडला की डोळे मिटून काहीतरी मागायचं, हे त्याला पाठ. दोघांना एकाच गच्चीवर बसवलं. अगदी काळोखं आकाश असेल तर जेमिनिड्सच्या भरात तासाला शंभर-दीडशे पडू शकतात, असं मी मोठ्या कौतुकानं सांगितलं. आई म्हणाली, "अगं बाई, एवढी माणसं!" आणि जपाची माळ आणायला खाली गेली. भाच्यानं वही मागवली, यादी करायला.

आता २ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची संध्याकाळ, पावणेआठच्या सुमारास अख्ख्या विदर्भाच्या आकाशातून पेटते गोळे लांबच लांब शेपट्या घेऊन सावकाश गेले. ओसरीवरची, पानटपरीवरची, पुरणपोळी जड होऊन शतपावलीला निघालेली, सगळी माणसं वर मोबाइल धरून होती. मी साडूकडे जेवायला गेलो होतो आणि कॅमेरा घरी, कपाटात, सिलिकाच्या पुड्यांसकट सुरक्षित होता. दुसऱ्या दिवशी आमच्या दूधवाल्याकडे व्हिडिओ, शेजारच्या आजींकडे व्हिडिओ, आणि जिल्ह्यातला आकाशाचा एकमेव हौशी छायाचित्रकार त्यांच्याकडून फॉरवर्ड मागत फिरत होता.

लोकांना मी समजावलं की ती उल्का नव्हे. उल्का सेकंदाला निदान अकरा किलोमीटरनं येते, बहुतेक वेळा पापणी लवेपर्यंत संपते. हे मिनिटभर रमतगमत चाललं होतं, म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारं माणसाचंच काहीतरी पडलं. पुढं चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ लाडबोरीला धातूचं एक भलंमोठं कडं सापडलं. चिनी रॉकेटचा टप्पा परत येताना जळाला होता. माझं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद कुणालाच झाला नाही. "मंग ते भंगारात कितीले गेलं असन?" एवढाच प्रश्न आला. खरी दगडी उल्का पाडायची तर ती काटोलनं पाडली, २२ मे २०१२ ला, भरदुपारी. मेच्या दुपारी विदर्भात घराबाहेर कोण असतं? फोटो काढणारा तर नाहीच.

डिसेंबरचं एक संकट सांगायचं राहिलं. हाच हंगाम शंकरपटांचा आणि नाटकांचा. दिवसा बैलांच्या जोड्या पळतात, रात्री दहाला पडदा वर जातो तो कोंबडं आरवेपर्यंत खाली येत नाही. त्यामुळे पुनर्वसू डोक्यावर असताना शेजारच्या गावात शंभर दिव्यांच्या उजेडात खलनायक गडगडाटी हसत असतो आणि ते हसू तलावाच्या पाण्यावरून माझ्यापर्यंत येतं. पहाटे चारला प्रेक्षक मोटारसायकलींवरून, फुल लाइट लावून, माझ्या लेन्सच्या थेट समोरून घरी जातात.

मागच्या हंगामात ते थांबले. गावच्याच मंडळाचं नाटक होतं आणि खलनायक मेकअपसकट, मिशी तशीच ठेवून, मागच्या सीटवर होता. 'का करून राह्यले जी' झालं, नंबरप्लेट झाली, आणि मग मागणी आली, "आमचा एक काढा ना." मी म्हटलं, या फोटोला पंधरा सेकंद लागतात, हलायचं नाही, बोलायचं नाही. सगळे तयार. एकानं मोबाइलचा टॉर्च क्षणभर मारला. चौथ्या सेकंदाला कुणी खाजवलं, सहाव्याला कुणी हसलं, नवव्याला एकाच्या खिशात गाणं वाजलं. खलनायक तेवढा कमरेवर हात ठेवून, डोळे वटारून, पंधरा सेकंद पुतळा. त्याला सवय होती. अंकाच्या शेवटी पडदा अडकतो तेव्हा असंच उभं राहावं लागतं.

पडद्यावर बघतो तर इतरांची डोकी भुतासारखी दोन-दोन, मध्ये खलनायक सुरीसारखा स्पष्ट, आणि त्याच्या उजव्या खांद्यावरून तलावापर्यंत, हिरवट डोक्याची, जाडजूड, एका टोकाला फुटलेली अशी उल्का. असला जेमिनिड मला आजवर मिळाला नव्हता. मी ओरडलोच. त्यांना वाटलं साप निघाला.

फोटो पाठवला. दोन दिवसांनी खलनायकाचा फोन आला. फोटो झकास आला आहे, पुढच्या नाटकाच्या बॅनरवर मोठा करून लावणार आहेत, मंडळाचे अध्यक्षही खूश आहेत. फक्त एक करायचं.

"वरते ती रेघ पडली ना जी, खांद्यापाशी, तेवढी पुसून पाठवा."

मी म्हटलं, त्याचे वेगळे पैसे पडतील.

"मंग राहू द्या जी," ते म्हणाले. "तिथं आमी तिकिटाचा दर टाकतो."