छातीवरील खोडवा

मौजे न्हावरे, तालुका शिरूर, जिल्हा पुणे येथील ज्या शिवारात उसाच्या पाचटाने हातपाय कापून घेण्यात पिढ्या गेल्या आणि ज्या गावात घोडगंगा सहकारी साखर कारखान्याची चिमणी उभी राहिली, त्या गावात साखर ही खाण्याची, विकण्याची आणि निवडणुकीत भांडण्याची वस्तू आहे, एवढेच ज्ञान पदरी बांधून मी महसूल खात्याच्या कारकुनीतून निवृत्त झालो होतो. तीच साखर अंगास फासून केस उपटण्याच्या कामीही येते, हे कळण्यास पुतण्याचे लग्न उजाडावे लागले.

हळदीच्या छायाचित्रांत नवरदेवाचे वक्षःस्थळ निष्केश असावे, असे छायाचित्रकाराचे फर्मान सुटले आणि पुतणे चिरंजीव शिरूरहून एक डबा घेऊन आले. प्रथम त्वचेच्या लहानशा भागावर लावून चोवीस तास वाट पाहावी, अशी सूचना डब्यावर होती. ‘लहानसा भाग’ म्हणून चिरंजीवांनी माझी निवड केली.

डब्यास ‘वॅक्स’ म्हणजे मेण म्हणावे, तर घटकद्रव्यांच्या यादीत मेणाचा कण नव्हता. होते ते साखर, पाणी आणि लिंबू. कढईत तो ऐवज कोमट होऊ लागताच सौ. डोकावल्या आणि म्हणाल्या, “अहो, हा तर माझ्या लाडवांचा पाक. जरा पुढे गेला, इतकंच.” निदान अचूक होते. लिंबाच्या आम्लाने साखर दुभंगून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, म्हणून पाकास दाणा न धरता चिकटपणा येतो. हे पाकशास्त्र आमच्या स्वयंपाकघरात कधीचेच वहिवाटीत आहे. अरब देशांत या लेपास ‘हलावा’ म्हणतात. आपण संक्रांतीस नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे दागिने चढवितो, तिकडे हलाव्याने अंगावरचे उतरवितात. संस्कृतिभेद म्हणतात तो हाच.

कारकुनी हाडात मुरलेली असल्याने मी हिशेब मांडला. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्यास उसाची एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, क्विंटलमागे 340 रुपये होती. 600 ग्रॅमच्या डब्यात सगळी साखरच आहे असे गृहीत धरले, तरी तिला सहा किलोही ऊस लागत नाही आणि त्याचे शेतकऱ्यास मिळणारे मोल सुमारे 20 रुपये. डबा आला 220 रुपयांना. उरलेले 200 रुपये कशाचे, हा प्रश्न मी चिरंजीवांस विचारला असता ते उत्तरले, “काका, याला मूल्यवर्धन म्हणतात.” आडसाली उसासाठी दीड-दीड वर्ष पाणी भरणाऱ्या ज्या शेतकऱ्यास हे वर्धन आजवर कोठेच आढळले नाही, ते सहकाराच्या सभेत नव्हे, तर प्रसाधनाच्या दुकानात दडून बसले होते तर!

लेप केसांच्या दिशेने लावावा आणि पट्टी उलट दिशेने एका हिसड्यात ओढावी, असा दंडक आहे. परंतु माझ्या छातीवरील केस भाऊबंदकीतल्या भावांप्रमाणे चारी दिशांना तोंडे करून उभे. त्यांची सर्वमान्य दिशा कोणती, याची रुजुवात होण्यापूर्वीच चिरंजीवांनी हिसडा दिला. केस पाव इंच असावेत, त्याहून लांब असल्यास आधी कातरावेत, हे कलम डब्यावर बारीक अक्षरांत होते, आणि बारीक अक्षरे वाचण्यात हयात घालविलेल्या मनुष्याने नेमके तेच वाचले नव्हते. कूळकायदा 1948 साली झाला, 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवून कसेल त्यास जमिनीचा मालक मानण्यात आले. मग पन्नास वर्षे अखंड वहिवाट असलेल्या छातीवरच्या या कुळांना बेदखल करण्यापूर्वी एक नोटीस, निदान एक पंचनामा, इतकेही सौजन्य नसावे? मी जी जबानी दिली ती शेजारच्या वस्तीपर्यंत ऐकू गेली, असे सौ. सांगतात. पट्टी निम्मीच निघाली. उरलेली छातीशी एकनिष्ठ राहिली आणि तिचा सुगावा सर्वांत आधी मुंग्यांना लागला. अखेर कोमट पाण्याने मामला मिटला, कारण साखर ती, विरघळली.

केस उपटण्याचे हे वेड आजचे नव्हे. सुश्रुतसंहितेत व्रणाच्या साठ उपक्रमांत लोमापहरणही आहे, आणि त्याच्या आधीच्याच क्रमांकावर केस पुन्हा उगविण्याचा उपायही आहे. प्राचीनांना मनुष्यस्वभाव ठाऊक होता. केस घालविण्याच्या जुन्या लेपांत हरताळ असे. पोथीतले चुकलेले अक्षर ज्याने झाकीत, तोच हा हरताळ. चांगल्या कामास तो फासला जातो, हा वाक्प्रचार मला आता अंगानिशी उमगला आहे.

चिरंजीव मात्र माझी जबानी ऐकून सुधारले. केसाळ छातीनेच हळदीस बसले आणि नवरीकडील एकाही वऱ्हाड्याने हरकत नोंदविली नाही. वस्तरा म्हणजे उसाची तोडणी, खोडवा येणारच. पण मुळासकट उपटलेले हे पीकही चौथ्या आठवड्यात माझ्या छातीवर पुन्हा डोकावले, आणि तेही लागण, पाणी, खत किंवा पीककर्ज यांवाचून. ज्यांच्या शेतात ऊस आहे, त्यांनी हा डबा विकत आणू नये, अशी माझी शिफारस आहे. बनवून विकता आला, तर अवश्य विकावा.