बदक मात्र फुकट

आमच्या परिचयातले एक गृहस्थ महिन्यातून दोनदा परदेशी जातात. त्यांना दोहा कसे आहे विचारा. ते तिथल्या विमानतळावरच्या अल मुर्जान लाउंजमधल्या पाण्याच्या कुंडाचे वर्णन करतात. इस्तंबूल म्हणजे भट्टीतून निघालेली गरम पिदे, हाँगकाँग म्हणजे 'द पिअर' लाउंजमधल्या नूडल्स, हेलसिंकी म्हणजे सौना. शहरे त्यांनी पाहिलेली नाहीत, पण कुठल्या सोफ्याला पाचपैकी किती गुण, हे तोंडपाठ.

त्यांचा खरा जीव फ्रँकफर्टवर. लुफ्तान्साच्या फर्स्ट क्लास टर्मिनलमध्ये चक्क टबात डुंबता येते, आठवण म्हणून रबरी बदक मिळते आणि मोटार थेट विमानापाशी नेऊन सोडते. तिकिटाला लाखो रुपये पडतात. बदक मात्र फुकट!

अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर 'अॅडमिरल्स क्लब' नावाचा लाउंज काढला, तेव्हा आत जायला आमंत्रण लागे. आता मुंबईच्या विमानतळावर बँकेच्या कार्डावर दोन रुपये कापले की आपणही अॅडमिरल. त्यामुळे गर्दीपासून सुटका देणाऱ्या खोलीबाहेर गर्दीचीच रांग लागते. आत लग्नाच्या बुफेची कळा: एका हातात इडली, दुसऱ्यात पेस्ट्री, आणि डोळा उठू पाहणाऱ्याच्या खुर्चीवर.

गुण कुणाला किती द्यायचे ते द्या. विमानाला उशीर झाला, की तो सोफ्यावरच्याला आणि बाकावरच्याला सारखाच होतो.